वालधुनी वॉरियर्स : यंदाचा अंदाज

पहिला धक्का मला प्रिंटरनं दिला.

२००८ चा फेब्रुवारी संपत आला होता. अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनपासून चार मिनिटांवर, शंकररावांचं सायबर कॅफे होतं. सहा पीसी, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि या सगळ्यांवर डोळा ठेवायला मी— मनाली बबन रोकडे, बी.कॉम. शंकरराव आमच्या बौद्ध वधू-वर मंडळाचे सेक्रेटरी. त्यामुळे मार्चमधल्या परिचय मेळाव्याची पुस्तिका टाईप करायचं कामही दरवर्षी माझ्याच गळ्यात. एका पानावर एक उमेदवार. नाव, वय, उंची, शिक्षण, नोकरी आणि शेवटी 'अपेक्षा'.

त्या संध्याकाळी बत्तीस पानं प्रिंटला देऊन मी मागे चहा गाळायला गेले. परत येऊन ट्रेमधलं वरचं पान उचललं, तर इंग्रजीत लिहिलेलं— वय सत्तावीस, उंची सहा फूट चार इंच, डावा खांदा दुखावलेला, तीन वर्षांत चार ठिकाणी राहून आला.

मी हादरलेच. असा नवरा आमच्या मंडळात आला कधी?

"एक्स्क्यूज मी..." चार नंबरच्या पीसीवरचा मुलगा काउंटरशी उभा होता. हातात कागदांचा गठ्ठा, आणि बोटं निळी. अगदी नखांपर्यंत निळी. "माझे खेळाडू तुमच्याकडे आलेत बहुतेक. आणि तुमचे नवरे माझ्याकडे."

"माझे नाहीत. मंडळाचे आहेत."

"अच्छा... मग बरंय."

"काय बरंय?"

"काही नाही. पानं मोजून घ्या."

तो त्याचे कागद घेऊन गेला, मग मी मोजली. एकतीस. कुठलं पान कमी आहे ते मला लगेच कळलं— बत्तिसावं, शेवटचं, माझं स्वतःचं! आणि मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मागची दोन वर्षं ते पान मी स्वतःच गुपचूप काढून टाकत होते. पप्पांना वाटायचं, प्रेसवाल्यांचा घोळ. यंदा ते आपणहून हरवलं असेल तर पाप माझ्या माथी नव्हतं!

त्या मुलाचं नाव यज्ञेश पेंडसे. राहायला बदलापूरला, कामाला उल्हासनगरच्या एका जीन्सच्या कारखान्यात, शिलाई तपासायला. निळी बोटं तिथली. बदलापुरात संध्याकाळी पाच ते आठ लाइट नसायची, म्हणून तो मधे अंबरनाथला उतरून आमच्याकडे बसायचा.

"हे करता काय पण तुम्ही?" चौथ्या दिवशी मी विचारलंच.

त्यानं सांगितलं आणि मी चाटच पडले. त्याचा मामेभाऊ न्यू जर्सीत. त्याच्या ऑफिसातल्या बाराजणांची बेसबॉलची कागदी लीग होती. खऱ्या खेळाडूंमधून निवडून प्रत्येकानं आपली टीम कागदावर करायची, आणि ते खेळाडू तिकडे मैदानात जे करतील त्याचे गुण इकडच्या टीमला. मागच्या वर्षी एकजण कमी पडला, म्हणून यज्ञेशला घेतलं. आता नवा सीझन तोंडावर होता आणि तो एकेका टीमचा अंदाज बांधत बसला होता.

"तुम्ही बेसबॉल बघितलाय?"

"एकदाही नाही."

"मागच्या वर्षी कितवे आलात?"

"बारावा."

"बारांत?"

"हसू नका ना..."

"आणि टीमचं नाव काय?"

तो जरा लाजला. "वालधुनी वॉरियर्स. त्यांना सांगितलंय, आमच्याकडची मोठी नदी आहे."

"वालधुनी? नाकाला रुमाल लावल्याशिवाय पुलावरनं जाता येत नाही, ती?"

"त्यांना वास थोडीच जातोय!" तो हसला. त्याच्या एका गालावर खळी पडायची. एकाच. ती मी बघितली, आणि बघितली हे त्यानं बघितलं.

मग रोजचंच झालं. तो आकडे मांडायचा, मी काउंटरवरून टोमणे मारायचे. एका खेळाडूवर तो फिदा होता. म्हणाला, आकडे बघा, सोनं आहे नुसतं.

"तीन वर्षांत चार टीम," मी म्हणाले. "इतका सोन्यासारखा आहे तर कोणी ठेवून का घेत नाही? आमच्याकडे असं स्थळ आलं की आम्ही आधी शेजाऱ्यांना विचारतो."

"कागदावर तसं काही नाहीये."

"कागद खोटं बोलत नाही हो. पण सगळं सांगतही नाही. 'मनमिळाऊ' लिहिलं की समजायचं, दुसरं लिहिण्यासारखं सापडलं नाही. 'स्वतंत्र विचारांचा' म्हणजे घरात भांडणं. आणि हा बघा... क्रूग. चौतीस वर्षांचा, सात वर्षं एकाच टीममध्ये. याला काट का मारलीत?"

"म्हातारा झालाय तो!"

"वळण चांगलं आहे. घ्या त्याला."

"तुम्ही टीम करताय का सोयरीक?"

"दोन्हीत फरक काय?"

त्यानं पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघत राहिला... जरा जास्तच वेळ. मी उगाच स्टेपलर शोधू लागले. कधी 'तुम्ही'चं 'तू' झालं ते मला आठवत नाही, पण चहाचे कप दोन झाले होते हे आठवतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पुस्तिका छापून आली. पप्पांनी शेवटचं पान उलटलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. एमआयडीसीत फोरमन म्हणून बावीस वर्षं काढलेला माणूस. त्यांना एकदा चूक चालते, दोनदा चालते.

"तिसऱ्यांदा?" ते म्हणाले. आवाज चढवला नाही, त्यानंच माझ्या तोंडचं पाणी पळालं. "ठीक आहे. पुस्तकात नसलीस तर नसलीस. रविवारी स्टेजवर तुझं नाव पुकारायला सांगतो. शहाडचा नरेंद्र येतोय, बँकेतला. त्याची माणसं बघायलाच येतायत. त्यांना पसंत पडलं तर तिथंच सुपारी फोडू."

"पप्पा, मला विचारलं तरी..."

"तीन वर्षं तेच विचारतोय, बाळा. तू पान फाडून उत्तर देतेस."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं! मी जागच्या जागी थिजले.

दुसऱ्या दिवशी मी यज्ञेशला सांगितलं. अगदी सहज, म्हणजे सहज वाटेल असं ठरवून. त्यानं पुस्तिका मागून घेतली, नऊ नंबरचं पान काढलं आणि नरेंद्रची माहिती वाचली. दोनदा वाचली.

"चांगला आहे," तो म्हणाला. "नोकरी पक्की. स्वतःचं घर. एकाच ठिकाणी सहा वर्षं. तुझ्याच नियमानं बघ ना... वळण चांगलं आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे... घे."

इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. मी त्याचा कप उचलला, त्यात अर्धा चहा होता तरी.

"शनिवारी टीम निवडायची आहे," तो खाली बघत म्हणाला. "साडेसातला. तिकडे सकाळ असते. मी कारखान्यातून थेट येतो. फाईल ठेवून जाऊ इथं?"

"ठेव. कॅफेच आहे."

शनिवारी सात वाजता अंबरनाथची लाइट गेली. इन्व्हर्टरवर एकच पीसी चालायचा. मी चार नंबर चालू ठेवला. सव्वासात झाले, साडेसातला पाच कमी, यज्ञेशचा पत्ता नाही. तेवढ्यात फोन आला.

"मनाली, ट्रक भरतायत. शेठ सोडत नाहीये. 'साईं, आज माल जाना मंगता,' एकच धोशा. तू बस ना माझ्या जागी. यादी फाईलमध्ये आहे. चिठ्ठ्यांत माझा नंबर शेवटचा निघालाय, अकराजण घेऊन उरेल त्यातनं घ्यायचं. प्रत्येक वेळी दीड मिनिट..."

मागून कोणीतरी ओरडलं आणि फोन तुटला.

मी बसले. समोर अकरा अमेरिकन, मधे समुद्र, आणि वर मिणमिणती ट्यूब. पहिले तीन खेळाडू यादीप्रमाणे घेतले. चौथ्या वेळी मी क्रूग घेतला. काट मारलेला, चौतीस वर्षांचा. राग होताच, शिवाय माझं त्याच्यावर खरंच मन बसलं होतं.

पुढची यादी काढायला फाईलचं शेवटचं पाकीट उघडलं, आणि माझा हात तिथंच राहिला.

बत्तिसावं पान. मनाली बबन रोकडे, वय चोवीस, उंची पाच फूट दोन इंच. 'अपेक्षा'पुढची जागा रिकामी, कारण मला काय लिहावं ते कधीच सुचलं नव्हतं. आणि समासात पेन्सिलीनं, त्याच्या बारीक अक्षरात—

'जमेच्या बाजू : माणसं वाचता येतात. आधी डोळे हसतात, मग ती.

कच्चे दुवे : रागावली की आवाज खाली जातो. त्याची जास्त भीती वाटते.

दुखापत : असली तरी सांगत नाही.

यंदाचा अंदाज : कुठल्याही टीमची पहिली निवड. माझा नंबर येईपर्यंत शिल्लक राहणार नाही.'

माझे कान गरम झाले. पडद्यावर घड्याळ उलटं पळत होतं, आणि मला आकडे दिसेनासे झाले होते. उरलेली टीम मी कशी निवडली ते देवालाही... आमच्याकडे देव नाही, तर ते मलाच माहीत नाही.

सव्वाआठला तो आला. घामाघूम, दोन्ही हात मनगटापर्यंत निळे. त्यानं आधी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या पानाकडे. आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"माझं पान चोरलंस?"

"चोरलं नाही... चुकूनच आलं होतं. दुसऱ्या दिवशी परत द्यायला आणलं होतं मी."

"मग?"

"परत दिलं असतं तर छापलं गेलं असतं."

तीन आठवडे ज्याला मी बावळट समजत होते तो...

"आणि परवा म्हणालास, नरेंद्रला घे!"

"त्याच्यापुढे मी बारावाच आहे, मनाली. कागदावर बघ ना. भाड्याचं घर, कच्ची नोकरी. आणि तुझ्या पप्पांनी मला दारात तरी का उभं करावं? आमच्या घरात काय बोललं जातं मला माहितीये." त्यानं निळे हात पँटला पुसले. "तरी मी घरी सांगितलं. परवाच रात्री. आई अजून माझ्याशी बोलत नाहीये."

"तू घरी सांगितलंस? मला सांगायच्या आधी?"

"ते अवघड होतं, ते आधी केलं." तो थांबला. "नाही... हे जास्त अवघड आहे. मला तू आवडतेस."

इन्व्हर्टर कुईं करून बंद पडला. अंधारात मला त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मी त्याचा निळा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"उद्या मेळाव्याला ये," मी म्हणाले.

रविवारी बुद्धविहाराचा हॉल गच्च भरला होता. नरेंद्रची माणसं दुसऱ्या रांगेत, पप्पा पहिल्या. यज्ञेश अगदी मागे दाराशी, हात खिशात घालून. शंकररावांनी माझं नाव पुकारलं. पायऱ्या तीनच होत्या. मला तीस वाटल्या.

"जयभीम. मी मनाली बबन रोकडे. बी.कॉम. कॅफेत काम करते." इथवर पाठ होतं. पुढे अपेक्षा. तीन वर्षं मी शेकडो माणसांच्या अपेक्षा टाईप केल्या होत्या, आणि माझी जागा रिकामी. "अपेक्षा... माझी अपेक्षा एकच आहे. ती मागे दाराशी उभी आहे. निळे हात खिशात लपवून."

सगळा हॉल एकदम वळला. नरेंद्रच्या आईनं पर्स उचलली. माईक किंचाळला, आणि पप्पा उभे राहिले.

"कोण आहे? पुढे या."

यज्ञेश आला. स्टेजवर चढला. त्यानं नाव सांगितलं, आणि पेंडसे म्हटल्यावर हॉलमध्ये जी कुजबुज उठली ती मी अजून विसरले नाही.

"आम्ही जात विचारत नाही," पप्पा सावकाश म्हणाले. "तुमच्याकडे विचारतात. विचारलं तर काय सांगाल?"

"विचारून झालंय, काका. मी सांगूनही झालंय. आई अजून तयार नाही, खोटं बोलत नाही." त्यानं मागे वळून पाहिलं. "पण बाबा आलेत. बाहेर चपलांपाशी उभे आहेत. आत कसं यावं त्यांना कळत नाहीये."

आता थिजायची पाळी पप्पांची होती. ते दाराकडे बघत राहिले. मग माझ्याकडे.

"ही घरी सांगायची, कॅफेत एक निळ्या बोटांचा मुलगा कसली टीम करतो म्हणे. ते तुम्हीच ना? मागच्या वर्षी कितवे आलात?"

"बारावा."

"किती टीम होत्या?"

"बारा."

हॉल हसला. पप्पा नाही हसले.

"आणि यंदा?"

यज्ञेशनं खिशातून हात काढले. "यंदा निवड मनालीनं केलीये, काका."

पप्पांनी चष्मा काढला. पुसला. बराच वेळ पुसत राहिले. मग स्टेजकडे न बघताच म्हणाले, "शंकरराव, पुस्तिकेतून हिचं पान काढून टाका."

"अहो बबनराव," शंकरराव माईकवरच गोंधळले, "ते होतंच कुठे?"

पण पप्पा ऐकायला थांबले नव्हते. ते दाराकडे निघाले होते, बाहेर चपलांपाशी उभ्या असलेल्या माणसाला आत बोलवायला.