उसनं पुस्तक, एक हातमोजा

"थांबा ना... पान नका उलटू. माझं व्हायचंय अजून."

हिमानीने दचकून मान वळवली. अमेरिकेतल्या रेडमंडची संध्याकाळची बस, काचांवर पावसाची भुरभुर, आणि शेजारच्या सीटवरचा एक अनोळखी तरुण खुशाल तिच्या मांडीवरच्या पुस्तकात डोळे घालून बसलेला!

"तुम्ही माझं पुस्तक वाचताय?"

"ऑफिसच्या स्टॉपपासून," त्याने तिथल्या तिथे कबूल केलं. "सॉरी हं. फोन डेड झालाय. खिडकीबाहेर बघावं तर पाऊस, तो काय रोजचाच आहे. म्हणून इकडे बघितलं, तर ही बाई डोक्यावर तेलाचा डबा घेऊन लॉरीसमोर उभी. आता ती बाजूला होते की नाही, तेवढं कळू द्या ना."

"आणि मी मराठी आहे हे कसं कळलं?"

"मघाशी फोनवर म्हणत होतात, 'जेवले गं आई, खोटं कशाला बोलू!'" त्याने तिच्या हातातल्या अर्धवट सोललेल्या ग्रॅनोला बारकडे पाहिलं. "खोटं बोलत होतात, हेही कळलं."

हिमानीला खरं म्हणजे राग यायला हवा होता. पण हसू आधी आलं, आणि एकदा हसू आल्यावर रागाला कुठे जागा उरते? तिने पुस्तक किंचित त्याच्याकडे सरकवलं आणि त्याची नजर पानाच्या तळाशी पोचेपर्यंत थांबली.

त्याचं नाव केदार. नागपूरचा, सॉफ्टवेअरमधलाच, दुसऱ्या कंपनीतला. बारावीनंतर एकही कादंबरी पुरी केली नाही, हे त्याने अशा अभिमानाने सांगितलं की जणू मेडलच मिळालं होतं. तरीही दुसऱ्या दिवशी तो त्याच बसला, त्याच सीटवर हजर. शेजारच्या सीटवर त्याने आपली बॅग ठेवली होती आणि हिमानी दिसताच ती उचलली.

"अबेनीने लॉरीवाल्याला पाणी दिलं का?"

"तुमच्याशिवाय पुढे वाचलं नाही मी," ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. असं बोलायचं नव्हतं तिला. पण बोलून तर गेली...

मग ते रोजचंच झालं. अबेनी ही बाजारात पामतेल विकणारी तरणी विधवा, आणि लासिसी हा दर बाजाराच्या दिवशी तिच्या दुकानासमोर लॉरी थांबवून पाणी मागणारा ड्रायव्हर. गावातल्या बायका कुजबुजतात, अबेनी त्याला तेलाचा भाव वाढवून सांगते, आणि लासिसी घासाघीस न करता तेवढे पैसे देतो. हिमानी भरभर वाचायची, केदार रमतगमत. ती पानाचा कोपरा चिमटीत धरून विचारायची, "उलटू?" तो म्हणायचा, "थांब ना." अहो-जाहो कधी गळून पडलं, ते दोघांनाही कळलं नाही.

"पण हे पुस्तक आलं कुठून तुझ्याकडे?" त्याने एकदा विचारलं. पुस्तकाला जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदाचं कव्हर होतं, कोपरे विरलेले, वर कापडाच्या गठ्ठ्यांचा फिकट फोटो.

'कुठून' या प्रश्नाचं एक तयार उत्तर हिमानीकडे असायचं. मी पुण्याची, असं ती सगळ्यांना सांगायची. दहावीनंतर ती पुण्यात शिकली होती, तेव्हा ते खोटंही नव्हतं. पण त्याआधीची सगळी वर्षं नायजेरियात, कडुनात गेली होती. बाबा तिथल्या कापडगिरणीत विव्हिंग मास्टर, आई शाळेत गणित शिकवायची, आणि हिमानी मुलींच्या होस्टेलला. मागे लग्नाच्या बोलण्यासाठी व्हिडिओ कॉलवर आलेला शंतनू नावाचा मुलगा हे ऐकून खो खो हसला होता. "नायजेरिया? म्हणजे ते लॉटरीच्या फसव्या ईमेलवाले?" त्याच्याबरोबर तीही हसली होती, आणि त्या हसण्याबद्दल पुढे कितीतरी दिवस स्वतःवरच चिडून होती. तेव्हापासून आयुष्यातली तेवढी पानं ती गाळूनच सांगायची. जोडीदाराकडून तिची एकच मागणी होती, त्याने ती पानं गाळू नयेत. पण असं मागणं मॅट्रिमोनीच्या साइटवर कुठल्या रकान्यात लिहिणार?

"कडुनाहून," ती म्हणाली. "नायजेरिया. मी तिथे वाढले."

केदार हसला नाही. "मग हा बाजार तू बघितलायस? खराखुरा?"

बस, एवढं पुरलं. हिमानी बोलत सुटली. डिसेंबरात वाळवंटाकडून येणारा हर्माटान वारा, त्याची बारीक धूळ केसांत, ताटात, वहीत. सकाळी नाक्यावर तळले जाणारे चवळीचे वडे, ज्यांना तिथे कोसई म्हणतात. आणि कादंबऱ्या! तिथल्याच लेखकांच्या, पातळ, स्वस्त कागदाच्या. एकीत सायकलवरचा कडक हेडमास्तर, एकीत कापड विकणाऱ्या जुळ्या बहिणी, एकीत उंच टाचांचे बूट घालून गावी परतलेली आणि चिखलात रुतून बसलेली शहरातली मुलगी. घरी आईकडे दिवाळी अंक यायचे, तेही होळीनंतर, बोटीने. ते वाचून पुणे कळायचं. पण खिडकीबाहेरची रस्ता झाडणारी बाई, पाववाला, मशिदीपाशी बसणारे म्हातारे, या सगळ्यांच्याही गोष्टी असतात, हे त्या पातळ पुस्तकांनी शिकवलं होतं. ती बोलत राहिली, आणि केदारचा स्टॉप मागे गेला.

"तुझा स्टॉप गेला की रे!"

"गेला तर गेला. त्या बुटांचं काय झालं?"

पुढच्या सोमवारी तिने थर्मासमधून झोबो आणलं. लालभडक, आंबटगोड, आलं घातलेलं. कडुनाला दर सणाला असायचं ते. केदारने एक घोट घेतला, डोळे मिटले, मग दुसरा घेतला.

"अगं, ही तर अंबाडी! अंबाडीच्या फुलांचं सरबत. आमची काटोलची मावशी करते ना!"

"काहीतरीच."

"आईशप्पथ. पोट्टे भांडायचे यासाठी आमच्या घरी."

हिमानी त्याच्याकडे बघतच राहिली. वर्षानुवर्षं कोणाला समजावून सांगता आली नव्हती ती चव, आणि हा ती काटोलला पिऊन आला होता! तिला तो आवडायला लागला होता. आता हे स्वतःपासून लपवण्यात काही अर्थ नव्हता.

आणि नेमकं त्याच आठवड्यात त्याने सांगितलं, "मला हर्नडनला पाठवतायत. क्लायंट साइट. या महिन्याच्या शेवटी."

"व्हर्जिनिया?" देशाचं दुसरं टोक. "किती दिवस?"

"बघू म्हणतायत." तो पुस्तकाकडे बघत बोलत होता. "अर्धंच झालंय आपलं. मला नेऊ देशील घरी? रोज एका प्रकरणाने कसं पुरं होणार?"

हिमानीने ते पुस्तक आजवर कोणाला दिलं नव्हतं. पण तिच्या तोंडून निघालं, "देईन. पण आमच्या होस्टेलचा नियम पाळावा लागेल. पुस्तक न्यायचं तर जोडीतली एक वस्तू गहाण ठेवायची. एक चप्पल, एक कानातलं... काहीही, पण एकच."

"एकच का?"

"दोन्ही दिल्या की माणूस नवी जोडी घेऊन मोकळा होतो. मग पुस्तक कसलं परत येतंय! एक घरी राहिली, की ती रोज दिसते आणि आठवण करून देते. जुळ्या बहिणींच्या कादंबरीपायी मी एका चपलेवर लंगडी घालत मेसमध्ये गेलेय. माझी मैत्रीण हौवा दारात उभी राहून हसत होती, चप्पल तिच्याकडेच गहाण होती ना!"

केदारने डाव्या हातातला मोजा काढला. लोकरीचा, संत्र्याच्या रंगाचा, अंगठा जरा जास्तच मोठा. "आईने विणलाय. नागपूरच्या मे महिन्यात, कूलरपुढे बसून. सांभाळ हं."

त्यानंतर थंडीत त्याचा डावा हात सदा खिशात असायचा. हिमानीला ते बघून हसू यायचं, आणि उगीचच बरंही वाटायचं.

काही दिवसांनी बसमध्ये त्याने मोठ्या ऐटीत पुस्तक बाहेर काढलं. "बघ!"

पुस्तकाला कोरं करकरीत खाकी कव्हर होतं. कोपरे नीट दुमडलेले, वर लेबल, लेबलावर वळणदार अक्षरात हिमानीचं नाव. जूनमध्ये शाळा सुरू होताना आपण सगळ्यांनी घातलंय तसं, अगदी टापटीप.

"जुनं कुठंय?" तिने हळूच विचारलं.

"पार फाटलं होतं गं. टाकलं रिसायकलिंगमध्ये. काल गाडी घेऊन पण गेली." त्याचा चेहरा शाबासकीची वाट बघत होता.

पुस्तकाला हात न लावता हिमानी उठली. "छान घातलंयत तुम्ही कव्हर," ती म्हणाली, आणि पुढच्याच स्टॉपवर उतरली.

तुम्ही. केदारने तो शब्द ऐकला, आणि आपल्या हातून काहीतरी मोठं बिघडलंय एवढं त्याला कळलं. त्याचा मेसेज आला. 'कव्हर काढायला नको होतं ना? चुकलं माझं. का ते सांगशील?' तिने उत्तर दिलं नाही. उरलेले दिवस ती आधीच्या बसने घरी गेली.

घरी टेबलावर संत्र्याच्या रंगाचा मोजा पडलेला. रोज दिसायचा. होस्टेलचा नियम पक्का होता आणि आता तो तिच्यावरच उलटला होता. मोजा हातात घेऊन ती एक दिवस नीट विचार करत बसली. कव्हर गेलं, ते परत येणार नव्हतं. पण ते कोणी घातलं होतं, हे तिने केदारला सांगितलं होतं का? सगळी पानं वाचायला दिली आणि पहिलंच गाळलं. मग न सांगितलेलं त्याने कुठून ओळखायचं होतं? फाटकं पुस्तक दिसल्यावर मराठी घरातला मुलगा दुसरं काय करणार होता?

शुक्रवारी ती नेहमीच्या बसला चढली. केदार नेहमीच्या जागी होता. शेजारच्या सीटवर बॅग होती. ती दिसताच त्याने घाईघाईने बॅग उचलली.

"उद्या सकाळची फ्लाइट आहे," तो म्हणाला. "मला वाटलं, तू आता..."

"ऐक आधी." ती बसली. "ते कव्हर हौवाने घातलं होतं. आम्ही कडुना सोडलं त्याच्या आदल्या दिवशी. गिरणी बंद पडली होती, बाबांच्या ऑफिसच्या भिंतीवरचं शेवटचं कॅलेंडर तिने उतरवलं आणि तिचं हे पुस्तक त्यात गुंडाळून मला दिलं. गहाण काही घेतलं नाही. म्हणाली, तुझ्याकडून काय घ्यायचं! नंतर पत्ते बदलले, फोन बदलले... ती कुठे आहे मला माहीत नाही."

केदारने यावर कुठलाही विनोद केला नाही. मग त्याने उजव्या हातातला मोजा काढून तिच्या मांडीवर ठेवला.

"हा पण घे. माझ्याकडून वस्तू हरवलीय. दंड भरायलाच पाहिजे."

"आणि पुस्तक? वाचलंस?"

"शेवटचं प्रकरण राहिलंय."

"एवढ्या दिवसांत?"

"एकट्याने पान उलटायची सवय गेली माझी," तो म्हणाला. "तू 'उलटू?' म्हणत नाहीस तोवर हात पुढेच जात नाही. काय करू?"

हिमानीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिने पुसलंही नाही. पुस्तक उघडून दोघांच्या मध्ये धरलं. बाहेर पाऊस, आत वायपरची खरखर, आणि पानावर अबेनी बाजार मोडल्यावर लॉरीपाशी उभी. लासिसी दार उघडतो. ती आत चढत नाही. म्हणते, आधी मला चालवायला शिकव. मग सगळा गाव बघतो, लॉरी मैदानात वेड्यावाकड्या गिरक्या घेतेय, आणि लासिसी शेजारी बसून डोळे मिटून हसतोय.

"भारी बाई आहे," केदार पुटपुटला. "हौवा पण अशीच होती का?"

"हुबेहूब."

त्याने हौवाचं नाव आपणहून काढलं होतं. हिमानीला हवं होतं ते एवढंच होतं. तिने पर्समधून एक घडी केलेला कागद काढला. देशी किराणा दुकानाने फुकट दिलेल्या कॅलेंडरचं डिसेंबरचं पान, तूरडाळीच्या जाहिरातीसकट. घरून निघतानाच तिने ते भिंतीवरून उतरवून घेतलं होतं.

"घाल कव्हर. तुझे कोपरे छान असतात."

केदारने मांडीवर पुस्तक ठेवून, बसच्या हिसक्यांतून सांभाळत, खाकी कागदावर कॅलेंडरचं पान चढवलं. कोपरे दुमडताना त्याची बोटं थंडीने गारठलेली होती. तिने मांडीवरचा मोजा उचलला आणि सावकाश त्याच्या उजव्या हातात चढवला. डावा तिने घरून कोटाच्या खिशात घालून आणला होता, तो तिथेच राहू दिला.

"हे काय? दंड दोन्हींचा आहे."

"दोन्ही घेतले तर व्यवहार मिटेल. मला मिटवायचा नाहीये." तिने पुस्तक त्याच्या हातात दिलं. "हे घेऊन जा हर्नडनला. पुन्हा पहिल्यापासून वाच."

"आणि मग पुस्तक परत आणून द्यायचं?"

"हो."

"नुसतं पुस्तक?"

बसचा वेग कमी झाला. हिमानी उठली, वरचा दांडा धरला, आणि त्याच्याकडे सरळ बघत म्हणाली, "केदार, मला तू आवडतोस. आता आणखी बोलायला लावू नकोस, माझा स्टॉप आलाय."

"मला तर तू त्या तेलाच्या डब्यापासून आवडतेस," तो एका दमात म्हणाला. पुढच्या सीटवरची बाई मागे वळून बघायला लागली. "मार्चमध्ये येतो. नाही... फेब्रुवारीतच येतो!"

"हात गारठला की लवकर येशील," ती हसली. "येते हं."

ती उतरली. बस सुटली, तेव्हा काचेमागे एक संत्र्याच्या रंगाचा हात हलत होता, आणि दुसऱ्या उघड्या हातात पुस्तक घट्ट धरलेलं होतं. हिमानीने खिशातला मोजा काढून हातात घातला. अंगठा फारच मोठा होता. छत्री न उघडताच ती घराकडे चालू लागली, आणि वाटेत आईला फोन लावला.

"आई, मला एकजण भेटलाय," ती म्हणाली. "आणि आज खरंच जेवले नाहीये गं."