शमनदूत

सोलापूरच्या हिंसा-साथ प्रयोगशाळेत भिंतीएवढ्या पडद्यावर शहराचा संसर्गनकाशा उजळला होता. त्यावर एकही लाल ठिपका नव्हता.

"खून नाही, चाकूहल्ला नाही," संख्याशास्त्रज्ञ अन्वर नदाफ म्हणाला. "मॅडम, साथ संपली!"

डॉ. मृण्मयी चिटगोपेकरांचा सिद्धान्त साधा होता. हिंसा गोवरासारखी पसरते. जो मार खातो किंवा डोळ्यांदेखत रक्त पाहतो त्याच्या मेंदूला तिची लागण होते आणि त्याच्याकडून ती पुढच्याला होते. असे रुग्ण संगणक हुडकून काढी. मग तिथे शमनदूत जाई, शिव्या, धमक्या, आक्रोश सगळं ऐकून घेई आणि सुडाची साखळी तोडी.

सिद्राम बंडगर हा त्यांचा सर्वांत गुणी शमनदूत. भावाच्या प्रेताशेजारी बसलेल्या माणसाच्या हातातला कोयता त्याने नुसतं बोलून खाली ठेवायला लावला होता.

त्या दुपारी सिद्रामची बायको महादेवी प्रयोगशाळेत आली. तिचा हात प्लास्टरमध्ये होता.

"सिद्राम बरे आहेत ना?" मृण्मयींनी घाबरून विचारलं.

"त्यांना काय झालंय? हात माझा मोडलाय."

अन्वरने पुढे केलेल्या खुर्चीवर ती बसली.

"बाहेर आवाजसुद्धा चढवत न्हाईत," महादेवी म्हणाली. "लोकांचं सगळं पोटात घेऊन घरी येतात. मग भाजीत मीठ कमी पडलं तरी पुरतं."

"पण नकाशावर काहीच..." अन्वर पुटपुटला.

"नकाशा पोलिसांच्या नोंदींवर चालतो," मृण्मयी सावकाश म्हणाल्या. "दवाखान्यांतल्या नोंदी घाल. बायकांच्या. मोडलेली हाडं, भाजणं, पडणं."

पडद्यावर एकेक घर लाल होत गेलं. अन्वरने पत्ते ताडून पाहिले. बहुतेक घरं शमनदूतांची होती.

मृण्मयी खुर्चीत बसल्या. कोणत्याही साथीत रुग्णाच्या सर्वांत जवळ असतो तो शुश्रूषा करणारा, म्हणून लागणही आधी त्यालाच होते. हे त्या वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना शिकवत आल्या होत्या. शमनदूतांच्या बाबतीत मात्र त्यांना ते सुचलंच नव्हतं.

"महादेवी, मला माफ करा," त्या म्हणाल्या. "आजच दुसरा शमनदूत तुमच्या घरी पाठवते. तो सिद्रामांचं सगळं ऐकून घेईल."

महादेवी उठली. पदर सावरत तिने विचारलं,

"त्याचं लगीन झालंय का?"