कोपऱ्यातल्या कपाटाचं दार

दिवेलागणीला पहिली पोळी ओट्याखालच्या कोपऱ्यातल्या कपाटात ठेवायची, दार लावायचं आणि सकाळपर्यंत उघडायचं नाही. का, ते विचारायचं नाही.

दिल्लीच्या द्वारकेतल्या भाड्याच्या फ्लॅटची किल्ली देताना घरमालकीण सबरवाल आंटींनी एवढंच सांगितलं होतं. "बस इतना कर देना, बेटा. सवाल मत करना." आईने आणि भानूआत्याने लगेच माना डोलावल्या. मी "क्यों?" म्हटलं, तर आत्याने दंडाला असा चिमटा काढला की संध्याकाळपर्यंत वळ होता.

विक्रांतदादा गुडगावच्या काचेच्या इमारतीत कामाला होता. वहिनीला दिवस गेले होते, म्हणून आई आणि आत्या पुण्याहून आल्या होत्या, एम.ए. झालेली मी नोकरी शोधायला. बाहेर मेट्रोचे खांब उभे राहत होते, नव्या सोसायट्यांचा रंगही वाळला नव्हता, आणि आमच्या घरात कपाटाला पोळी वाढली जात होती.

आत्याने पार्कातल्या बायकांकडून बातमी आणली. सबरवालांची थोरली सून याच घरात गेली होती. कशी, ते कुणी बोलत नव्हतं.

"सगळ्यांचं झालं की जेवायची म्हणे. तिथेच ओट्यापाशी, खाली बसून, उरलंसुरलं. म्हणून आता पहिली पोळी तिला."

"अच्छा! मग दार का लावायचं?"

"तुझं प्रत्येक गोष्टीला का! घराचं काही असतं, ते पाळायचं."

सकाळी ताटली रिकामी असायची. उंदीर, आत्या म्हणायची.

"उंदीर ताटली घासून पालथी घालतात का गं, आत्या?"

त्यावर ती जप सुरू करायची.

ती कपाटं मुळात वाईटच होती. सिंकचं पाणी झिरपून प्लाय फुगला होता, सनमायका सुटून कुरकुरत होता, आणि सगळ्या स्वयंपाकघराला ओल्या लाकडाचा, बंद पेटीसारखा वास होता. सुताराने सगळं उखडून नवीन करा म्हणून सांगितलं. सबरवाल आंटींना विचारलं, तर त्यांनी फोन ठेवून दिला. दादा म्हणाला, "यार, दुसऱ्याच्या घरात कोण एवढा खर्च करतं? अकरा महिन्यांचं तर अ‍ॅग्रीमेंट."

मग मीच ठरवलं. सांगाडे अजून धड होते. सडली होती ती फक्त दारं. दारं काढून टाकायची, फळ्या घासायच्या, भेगांत लांबी भरून रंग द्यायचा. उघडे शेल्फ. हवा खेळली की ओलही जाते. स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर आणि पांढऱ्या रंगाचा डबा आणला की झालं.

"कर काय ते," आई म्हणाली. "फक्त कोपऱ्यातलं सोडून."

मी सोडलंही असतं. पण वहिनी...

रेवतीवहिनी हल्ली बाहेर जेवायला येत नव्हती. आम्ही टेबलावर, आणि ती आत, जमिनीवर, कोपऱ्यातल्या दाराला पाठ टेकून. सगळ्यांचं झाल्यावर. डॉक्टरीण रागावली होती, वजन वाढायच्या दिवसांत उतरतंय म्हणून. आत्या मात्र कौतुकाने बघायची. "वळण आहे हो पोरीला."

मी एकदा तिच्याशेजारी जाऊन बसले. "वहिनी, चल ना बाहेर."

"नको गं. इथे बरं वाटतं." तिने डोकं मागे टेकवलं. मग हळूच म्हणाली, "सोबत असते."

त्या क्षणी मी ठरवलं, ते दार आधी काढायचं.

लक्ष्मीबाई नगरात आईच्या ओळखीच्या कुमुदिनीकाकूंकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. आई आणि आत्या दुपारीच गेल्या. मी कामाला लागले. बाकीची दारं भराभर निघाली. वहिनी तिच्या कोपऱ्यात बसून बघत होती. तिला उठवलं, तशी ती मुकाट्याने उठली आणि सिंकला धरून उभी राहिली.

तेवढ्यात आंधी आली.

दिल्लीची आंधी म्हणजे आधी उजेड पिवळा होतो, मग तांबूस, मग भर दुपारी कुणी घोंगडी टाकल्यासारखा अंधार. कुठेतरी पत्रा धाडधाड आपटत होता. धूळ दातांत करकरू लागली. वीज गेली. मी टॉर्च काखेत धरला आणि कोपऱ्यातलं दार उघडलं.

दाराच्या बाहेरच्या बाजूला तेलाचा डाग होता. वहिनी डोकं टेकायची ना, तिथे. भिंतीला टेकून बसणाऱ्यांच्या घरात असतो तसा.

आतल्या बाजूलाही होता. त्याच उंचीवर. जुना, काळपट, गुळगुळीत झालेला.

कुणीतरी आतून टेकून बसत होतं. पाठीला पाठ लावून.

मी बिजागरीचे स्क्रू काढत राहिले. शेवटचा हातात आला. दार सुटून पडायला हवं होतं. ते पडलं नाही. ते हळूहळू मिटलं... आतून कुणी ओढून घ्यावं तसं. मी कड धरून खेचलं. हललं नाही.

"अश्लेषा..." वहिनीचा आवाज फार लांबून आल्यासारखा. "ती विचारतेय..."

"काय?"

"सगळ्यांचं झालं का... जेवण..."

पाठीवरून थंड पाणी ओतल्यासारखं झालं. आणि त्याच्या मागोमाग राग आला. असा राग, की भीतीला उभं राहायला जागाच उरली नाही. मेल्यावरही ही बाई विचारत होती! पहिली पोळी मिळत होती तिला, पण त्याच अंधारात, त्याच ओट्याखाली. जागा कुणी बदललीच नव्हती.

मी दाराला तोंड लावून म्हटलं, "नाही झालं. कुणाचंच नाही झालं. तू बाहेर ये. आधी तू बस."

पत्रा आपटायचा थांबला.

दार माझ्या हातात आलं, अगदी हलकं, पुठ्ठ्यासारखं. गालाजवळून एक ओलसर गारवा गेला, आणि त्याबरोबर तो पेटीतला वासही. खिडकीत उजेड परत आला. वहिनीने दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "भूक लागलीय गं मला. बिल्कुल राहवत नाहीये."

मला हसू आलं आणि रडूही. मी तिला टेबलावर बसवलं. गरम भात, आमटी, वर तूप. माझं ताट घेतलं. आणि तिसरं, खिडकीजवळच्या खुर्चीपुढे. वहिनी तीनदा भात घेऊन जेवली. माझ्या खांद्यांवरचं ओझं कुणी उतरवून ठेवल्यासारखं वाटत होतं.

आई आणि आत्या परतल्या तेव्हा आम्ही अजून टेबलावरच होतो. दोघींच्या केसांत धूळ, हातात आंबेडाळीचा डबा. आत्याची नजर स्वयंपाकघरात गेली.

"काढलंस? कोपऱ्यातलंही? लाव आधी! आत्ताच्या आत्ता लाव ते दार!"

"सबरवालबाईंना काय सांगू मी?" आई म्हणाली. "आणि रेवती, तू आमच्या आधी जेवलीस?"

वहिनीने मान खाली घातली नाही. हे मी पहिल्यांदाच बघत होते.

"नाही लावणार," मी म्हटलं. "दारही नाही, आणि तो नियमही पाळणार नाही. या घरात आता कुणी ओट्याखाली जेवणार नाही. वहिनी नाही, ती नाही, मी तर मुळीच नाही. भूक असेल तर हात धुऊन या, ताटं वाढते."

आत्याने तोंड उघडलं. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. आईही नव्हती. दोघी माझ्या मागे, खिडकीजवळच्या खुर्चीकडे बघत होत्या.

तिसरं ताट घासून पालथं घातलेलं होतं. आणि खुर्चीमागच्या कोऱ्या पांढऱ्या भिंतीवर, डोकं टेकतं त्या उंचीला, तेलाचा ताजा डाग हळूहळू पसरत होता.

आत्याने आंबेडाळीचा डबा टेबलावर ठेवला आणि गुपचूप हात धुवायला गेली. तिच्यामागे आईही.