मागून धरणारा

दुर्गाच्या खोलीतून डबा उचलायचा आणि पुढच्या घरी पोचवायचा, एवढंच त्या संध्याकाळी धोंडूचं काम होतं.

लालबागच्या त्या चाळीत आता माणसं कमी उरली होती. बरीच बिऱ्हाडं बिल्डरने दुसरीकडे हलवली होती. रिकाम्या खोल्यांना कुलपं पडली होती आणि गॅलरीतला एखादाच दिवा लागायचा. खाली मसाला कुटणाऱ्या डंकाचा ठोका थांबला की चाळ एकदम मुकी व्हायची. मिरचीचा वास तेवढा जिन्यातून वर चढून रेंगाळत राहायचा.

जी घरं उरली होती ती दर गुरुवारी जिन्याखालच्या दत्ताच्या देवळात भजनाला बसत. तो डबा भजनाचाच. डबा म्हणजे गाणी वाजवायचा एक लाल प्लेअर, तळहातात मावेल एवढा. कुरिअरवाल्या गौतमने आणला होता. स्वस्तातला, पण आवाज खणखणीत. त्यात नखाएवढं कार्ड, आणि त्या कार्डात कुणा मोठ्या बुवाची भजनं. वर्गणीतून घेतला म्हणून मालक सगळेच. देवळाला दार नाही, तेव्हा तो आठवडाभर एकेका घरी पाळीने राहायचा. बुधवारी तो पुढच्या घरी न्यायचा धोंडूने, कारण देवळातले टाळ, समई, घंटा सगळं त्याच्याच हाती असायचं.

डबा परत देताना प्रत्येक घर त्याच्याबद्दल काहीतरी बोलायचंच, चार दिवस राहून गेलेल्या पाहुण्याबद्दल बोलतात तसं.

"काय सांगू काका, भारी आहे हो एकदम," डबा पुसून त्याच्या हातात देत दुर्गा म्हणाली. "चार्जिंग टिकतं, खरखर नाही. आणि मागून तो जो धरतो ना बुवाच्या ओळी... बुवापेक्षा तोच गोड वाटतो मला. थकलेला आवाज आहे, पण माया आहे त्यात."

धोंडूने डबा पंच्यात गुंडाळला.

"आम्हाला कळलंय हं सगळं," दुर्गा हसून म्हणाली. "चाळीत सगळ्यांना कळलंय. तुम्हाला बोलायचं नसेल तर नका बोलू."

मान खाली घालून धोंडू गॅलरीत आला आणि कठड्याला धरून उभा राहिला. कळलंय सगळ्यांना. मग लक्ष्मीवहिनीला कळायला कितीसा वेळ?

कारण पुढची पाळी लक्ष्मीवहिनीची होती.

लक्ष्मी ही भिवाबुवाची बायको. भिवा आणि धोंडू एकाच गावचे, एकाच गिरणीत लागले, गिरणी बंद पडली तेव्हा एकाच दिवशी घरी बसले. भिवाने पेटी धरायची आणि भजन म्हणायचं, धोंडूने टाळ धरायचे आणि मागून ओळ उचलायची, हे इतकी वर्षं चाललं होतं की भिवाने श्वास कुठे घेतला ते धोंडूला न बघता कळायचं. मग भिवाचा गळा गेला. वरचा सूर लावायला गेला की आवाज फाटायचा, मधेच दम सुटायचा, ओळ अर्ध्यावर राहायची. पोरंसोरं तोंड फिरवून हसायची. मंडळी आपसात म्हणू लागली, आता बुवांना कुणीतरी सांगायला हवं. कुणीतरी म्हणजे धोंडूने.

धोंडूच्याने ते सांगवलं नाही. त्याऐवजी एका गुरुवारी भिवा काठी टेकत खाली येण्याआधीच त्याने नवा डबा दत्तापुढे ठेवला आणि चालू केला. भिवा आला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर जरासा थांबला. पेटी भिंतीकडे सरकवलेली त्याने पाहिली. तो मागे जाऊन बसला, टाळ्या वाजवू लागला, आणि थोड्या वेळाने न राहवून त्या डब्याच्या मागून हळूच म्हणू लागला.

फाटका आवाज. चुकीच्या जागी घेतलेला श्वास. एकदोघं वळून बघायला लागले.

तेव्हा धोंडूने हात पुढे केला आणि डब्याचा आवाज वाढवला. भिवाचा आवाज बुडेपर्यंत वाढवला. मागे वळून त्याने पाहिलं नाही.

पुढच्या गुरुवारी भिवा आला नाही. त्यानंतरही नाही. थंडीच्या सुरुवातीला एका पहाटे तो झोपेतच गेला. लक्ष्मीवहिनीने रडत विचारलं होतं, "भजनाक शेवटी शेवटी येऊक नाय ते. काय झाला होता काय थंय?" तेव्हा धोंडू तिच्या पुढ्यात बसून म्हणाला होता, "काय नाय, वयनी. दम लागायचा, बाकी काय नाय. शेवटच्या दिवशीपण बुवांनीच म्हटलं, आम्ही सगळे ऐकत होतो."

ते बोलून तो घरी आला आणि वाढलेलं ताट तसंच सारून उठला.

आणि आता हा डबा. भिवाचे दिवस झाले आणि त्यानंतरची पहिली पाळी रमाबाईंकडे गेली. रमाबाई म्हणजे एकट्या राहणारी म्हातारी. डबा परत देताना त्या म्हणाल्या, "घरात कुणी असल्यासारखं वाटलं रे. तो बुवा म्हणतो, आणि मागून कुणीतरी धरतो. मी मग पोळ्या करताना त्याच्याशी बोलत होते." पुढे शंतनु, ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारा. तो म्हणाला, "काका, साउंड एक नंबर. मागे दुसरा व्हॉइस आहे, जरा लेट येतो, पण मजा येते." गुरुवारी देवळात टाळांच्या गजरात तो वेगळा कळायचा नाही, पण घरी ऐकल्यावर सगळ्यांना तो मागचा आवाज आवडला होता. गौतमला विचारलं तर तो म्हणे, "मी भरली तेव्हा असं काही नव्हतं. कोणीतरी नंतर टाकलं असेल." आणि असं म्हणून तोही धोंडूकडे बघून डोळे मिचकावून हसला.

मग धोंडूचीच पाळी आली. सून अनुजा कामाला गेलेली, दुपारची वेळ, खिडकीतून ऊन आत आलेलं. भीती वाटावी असं काहीच नव्हतं. त्याने बटण दाबलं. बुवाने पहिली ओळ घेतली. आणि डब्यातल्या त्या बुवाच्या मागून, जरासा उशिरा, कुणीतरी ती ओळ उचलली.

फाटका आवाज. चुकीच्या जागी घेतलेला श्वास.

धोंडूने डबा कानाशी धरला. त्याने आवाज वाढवला. बुवा मोठा झाला, आणि मागचा त्याच्याखाली दबून, घुसमटून म्हणत राहिला. मग त्याने आवाज कमी केला. कमी करत करत पार शेवटपर्यंत आणला. बुवा ऐकू येईनासा झाला. मागचा मात्र होता. अगदी बारीक, भिंतीपलीकडून यावा तसा. ओळ संपवून तो थांबला. पुढची ओळ कुणी द्यावी म्हणून वाट बघत राहिल्यासारखा.

धोंडूने डबा उशीखाली घातला आणि गुरुवारचं भजन सोडता आठवडाभर हात लावला नाही. झोपताना ती उशी मात्र त्याने डोक्याखाली घेतली नाही.

हे सगळं कठड्याला धरून आठवताना बाहेर अंधार पडला. धोंडूने मनाशी ठरवलं, डबा आज वहिनीकडे न्यायचाच नाही. बिघडला म्हणून सांगायचं. ती नवऱ्याचा आवाज ओळखेल, तो असा का रडवेला येतो म्हणून विचारेल, आणि मग सगळं बाहेर पडेल. पंचा काखेत दाबून तो भिंतीच्या कडेकडेने आपल्या खोलीकडे निघाला.

"भावजी."

लक्ष्मीवहिनी अंधारात दाराशी उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"आमची पाळी चुकवतास?"

"नाय वयनी... तो जरा बिघडलोहा. गौतमाक दाखवतंय आणि मग..."

"दुर्गाकडे आताच वाजत होतो. माका ऐकाक येयत होता." ती दारातून बाजूला झाली. "येवा. बसा."

खोलीत खोबरेल तेलाचा आणि विझलेल्या उदबत्तीचा वास होता. भिंतीवर भिवाचा फोटो, त्याला सुकलेला हार. खाली चटई. धोंडू चटईच्या कडेला बसला. वहिनीने पंचा स्वतः सोडला, डबा पाटावर ठेवला, आणि बटण कुठलं ते न विचारता दाबलं.

बुवाने पहिली ओळ घेतली.

धोंडूने डोळे मिटले. देवा, आज नको. आज एवढं नको.

मागून ओळ उचलली गेली.

वहिनी हलली नाही. मान किंचित कलती करून ती ऐकत राहिली. बुवा पुढे जात होता, आणि मागचा त्याला गाठायला धापा टाकत होता. शेवटी धोंडूलाच राहवेना.

"वयनी," तो म्हणाला, "माका माफ करा. मी खोटा बोललंय तुमका. त्या दिवशी बुवा म्हणाक लागले, आणि मी..."

"आवाज वाढवलास." वहिनी शांतपणे म्हणाली. "माका ठाऊक आसा."

धोंडूने तिच्याकडे बघितलं.

"त्याच राती माका म्हणाले. धोंड्यान आवाज वाढवल्यान, म्हणाले. मग जरा वेळान म्हणाले, बरा केल्यान. माझ्यामुळे भजन बिघडत होता." तिने पदराने डब्यावरची नसलेली धूळ पुसली. "तुमी येऊन माका सांगलास, बुवांनीच म्हटलं, सगळे ऐकत होते. मी काय बोलाक नाय. म्हटला, ह्या माणसाक तेवढा तरी असांदे."

धोंडूला वाटलं, तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. बसल्या जागी तो लहान लहान होत गेला. फोटोकडे बघायची सोय नव्हती, तिच्याकडे बघायची नव्हती. तो चटईच्या काड्यांकडे बघत राहिला.

"आणि आता बघा," तो कसाबसा म्हणाला, "बुवा... असे येतत. घराघरात. माझ्यासाठीच येतत ते."

"कोण, ते?" वहिनीने मान हलवली. "नाय. त्या दिसापासून त्यांनी गळ्यातसून सूर काढूक नाय, भावजी. देवापुढेपण नाय. आता गेल्यावर खंय काढतले? इतकी वर्सा त्यांचो आवाज मी ऐकलंय. ह्यो त्यांचो नाय."

"मग कोणाचो?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला खरंच नवल वाटत होतं.

"ह्यो तुमचो आवाज आसा."

धोंडूला हसू आल्यासारखं झालं, पण आलं नाही.

"सगळ्यांक ठाऊक आसा," वहिनी म्हणाली. "सगळ्यांक वाटता, तुमीच गुपचूप भरलास. बुवांच्या आठवणीन. लाजतत म्हणून सांगणत नाय, म्हणान तुमका कोण विचारणत नाय."

डबा वाजत होता. धोंडू ऐकू लागला. जन्मभर त्याने टाळ हातात धरून मागून ओळ उचलली होती, पण आपला आवाज बाहेरून कसा लागतो ते त्याने कधी ऐकलंच नव्हतं. आता ऐकत होता. ओळीच्या शेवटी खाली पडणारा सूर. नाकात अडकणारं अक्षर. अनुजा कधीतरी त्याची नक्कल करून हसायची, तसंच. त्याचाच होता. फक्त इतका म्हातारा, इतका दमलेला, की तसा तो अजून झाला नव्हता.

"दत्ताची शपथ, वयनी," तो म्हणाला. "मी काय भरूक नाय. माका येताच खंय ता?"

"येणा नाय, ता माका म्हायत आसा," ती म्हणाली. "म्हणान तर तुमका बोलावलंय."

बुवाने चाल वाढवली. मागचा आता मागे पडू लागला. एक शब्द सुटला, मग दोन. बुवाचा खणखणीत आवाज त्याच्या अंगावरून जात होता आणि तो त्याच्याखालून वर यायला धडपडत होता. कुणीतरी वळून बघावं म्हणून. धोंडूने डबा बंद करायला हात पुढे केला.

"नको," वहिनी म्हणाली. "भजन अर्ध्यावर बंद करू नये. वाजांदे."

त्याने हात मागे घेतला. आणि मग त्याला ते सोसवेना म्हणून, इतकी वर्षं केलं तेच त्याने केलं. मांडीवर ताल धरला आणि हलक्या आवाजात ती ओळ मागून उचलली. डब्यातला आणि तो, दोघं एकाच जागी अडखळले. एकाच जागी त्यांचा श्वास सुटला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण तो थांबला नाही.

लक्ष्मीवहिनी त्याच्याकडे बघत नव्हती. ती दाराकडे बघत होती. दार उघडंच होतं, बाहेर गॅलरीत कुणी दिसत नव्हतं. भिवा घरात आला की घ्यायची तसा तिने डोक्यावरून पदर सावरून घेतला, पाय आवरले, आणि चटईवर जराशी सरकली. एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा करून.