गुरुवार, तीन ते चार

ही गोष्ट खरी आहे. कुणाच्या गळी उतरवायची माझी इच्छा नाही. पण ती माझ्या घरात घडली, आणि चूक माझी होती.

साल २०१२. पावसाळा संपत आलेला. पनवेलला, करंजाडेत आमचं नवीन घर. हॉलमध्ये एकच कॉम्प्युटर, सगळ्यांचा मिळून. मी डिप्लोमावाला, म्हणून त्यातलं शहाणपण फक्त मलाच, असा माझा तोरा.

स्नेहलवहिनी म्हणजे माझ्या धर्मराजदादाची बायको. माहेर उरणच्या खाडीकाठचं. आईवडील नाहीत, एकच धाकटा भाऊ. कल्पेश. तो मालवाहू जहाजावर कामाला होता. जहाज बंदराला लागलं की वहिनींशी चॅट करायचा. ते कधी लागेल याचा नेम नाही, म्हणून वहिनी दिवसातून दहादा कॉम्प्युटर उघडून बघायच्या.

आईला ते खुपायचं.

"दिवसभर त्या डब्याम्होरं बसते. प्रितम, कायतरी कर, नायतर मी उचलून फेकून देईन."

मी केलं. लहान मुलांसाठी जी बंधनं असतात ना, ती वहिनींच्या खात्यावर घातली. त्यात आठवड्याचे सगळे तास चौकोनांत दिसतात. निळा म्हणजे बंद, पांढरा म्हणजे चालू. मी रोज दुपारी तीन ते चार तेवढा पांढरा ठेवला. पासवर्ड माझ्याकडे.

तेव्हा मला हसू आलं होतं. आता लाज वाटते.

तो गुरुवार होता. चारला पाच कमी असताना कल्पेश ऑनलाइन आला. मी मागे सोफ्यावर. वहिनी हरखून मोठ्याने वाचत होत्या.

'ताई, बरं झालं भेटलीस. इथे काहीतरी भलतंच चाललंय. तुला एक सांगायचंय. थांब...'

चार वाजले.

स्क्रीन बंद.

"भाऊजी, पाच मिनटं द्या. पाया पडते तुमच्या. त्याला कायतरी सांगायचं हाय."

"उद्या तीनला सांगेल की. नियम म्हणजे नियम." एवढं बोलून मी नाक्यावर चहा प्यायला गेलो.

शनिवारी फोन आला. कल्पेश गुरुवारी रात्री जहाजावरून बेपत्ता झाला होता. पडला, उडी मारली, की कुणी ढकललं... कुणालाच माहीत नाही. देह मिळाला नाही. शेवटी दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला.

वहिनी मला एक शब्दही बोलल्या नाहीत. मी गुपचूप बंधनं काढून टाकली. त्या पुन्हा कॉम्प्युटरला शिवल्या नाहीत.

तेराव्यानंतरचा गुरुवार.

सकाळपासून माझं खातं उघडत नव्हतं. बरोबर तीनला ते आपोआप उघडलं. मी बंधनांचं पान बघितलं... तिथे माझं नाव होतं. अख्खा आठवडा निळा. पांढरा एकच चौकोन, गुरुवार, तीन ते चार.

माझं खातं मुख्य, आणि मुख्य खात्याला ती बंधनं लागतच नाहीत. हे मला पक्कं ठाऊक आहे.

समोर इमारतीचं काम चालू होतं. मिक्सरची घरघर...

एकदम थांबली.

खिडकीतून बघितलं. मिक्सर फिरत होता. माणसं एकमेकांना हाका मारत होती. आवाज मात्र कशाचाच नाही.

कीबोर्ड ओला लागला. बोट जिभेला लावलं... खारट.

मग बटणं आपोआप दबायला लागली.

'प्रितम.'

चॅटची चौकट उघडलेली, वर कल्पेशचं नाव. शेजारी हिरवा ठिपका.

मी लिहिलं, 'कोण आहे?'

'थांब.'

उठायचं होतं, पण नजर त्या ठिपक्यावरून हटेना. दर थोड्या वेळाने तेच. थांब. थांब. चारला एक मिनिट कमी असताना बटणं भराभर दबली.

'तुझ्या मुलीबद्दल सांगायचंय. ती पाच वर्षांची होईल तेव्हा...'

स्क्रीन बंद.

माझं तेव्हा लग्नसुद्धा झालं नव्हतं.

कॉम्प्युटर पुन्हा चालू झालाच नाही. दुरुस्तीवाल्याने तो उघडला आणि माझ्याकडे बघत राहिला. आत सगळं मिठाने खाल्लेलं. "समुद्रात बुडवला होता काय?"

मी वहिनींसमोर हात जोडले. "वहिनी, काय सांगणार होता तो?"

त्या बोंबील साफ करत होत्या. हात थांबला नाही. कल्पेश गेल्यापासून त्या पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या.

"मला काय ठावं? मलाबी नाय सांगितलं त्यानं."

पुढच्या वर्षी माझं लग्न झालं. त्याच्या पुढच्या वर्षी प्रांजल झाली. नर्सने "मुलगी" म्हटलं, तेव्हा मी बाकावर मटकन बसलो. सगळे म्हणाले, याला मुलगा हवा होता.

येत्या महिन्यात ती पाच वर्षांची होईल.

मी तिला खाडीकडे नेत नाही. उरणला पाठवत नाही. बादली भरलेली दिसली तर ओततो. बायको म्हणते, डोकं फिरलंय तुमचं.

पण धोका पाण्याचाच आहे, हे तरी मला कुणी सांगितलंय?