काचेतलं पाणी

शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर जीभ झडो माझी... आणि माझी जीभ झडली तर मागे काय उरेल, ते तुम्ही जाणताच.

तर ताई इस्त्री करत होती आणि दारात तिचा भाऊ येऊन उभा राहिला. अकरा वर्षांनी!

इस्त्री म्हणजे घरातली नव्हे हो, लॉन्ड्रीतली, वाफेवर चालणारी, दोन हातांनी दाबायची. त्या लॉन्ड्रीच्या माडीवरच ताईची खोली होती. वाफेचा वास नाही आला तर तिला रात्री झोप लागत नसे, म्हणून तिने नोकरीसुद्धा वाफेचीच धरली. भावाला बघून ती इस्त्री उचलायची विसरली. कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टावर बदामाएवढा डाग पडला.

"बाळ," ती म्हणाली, "अप्पा बरे आहेत ना?"

बाळ चाळीस वर्षांचा. डोक्यावर टक्कल, पोटावर पट्टा मावत नाही, तरी घरात अजून बाळच.

"बरे आहेत. ताई, भट्टी सांभाळणारा माणूस कमरेतून आखडलाय. परवा दाखवायचा दिवस आहे, माणसं येणार. अप्पा म्हणतात, या खेपेला शेवटचं स्वतः बसणार. ब्याऐंशीव्या वर्षी! थोरलीची भट्टी तुझ्याशिवाय कुणाला जमते?"

आता थोरली म्हणजे कोण, ते सांगायला हवं. थोरली म्हणजे वाफेवर चालणारं खोदयंत्र. रेल्वेच्या डब्याएवढं लोखंडी घर, त्याच्या पोटात बॉयलर, पुढे जिराफासारखी मान आणि मानेच्या टोकाला दातांची बादली. वय शंभराच्या पुढे. तिच्याबरोबरीची सगळी यंत्रं डिझेल आल्यावर भंगारात गेली. हिला मात्र अप्पांनी वीटकारखान्याच्या जुन्या खाणीतच राखलं, घासलं, पुसलं, आणि वर्षातून एकदा पेटवून लोकांपुढे चालवलं. तिची शिट्टी वाजली की सात कोसांवरच्या कोंबड्या आठवडाभर अंडी घालायच्या बंद होत. एकदा तर तिने उचललेल्या मातीत झोपलेलं गाढव आलं होतं. दुसऱ्या ढिगावर ठेवलं तरी ते जागं झालं नाही. खरंच सांगते.

म्हणजे त्या घरात दोन थोरल्या, एक लोखंडाची आणि एक हाडामांसाची. अप्पा 'थोरली' म्हणून हाक मारायचे ती लोखंडाच्या थोरलीला. हाडामांसाची बिचारी ताईच राहिली, आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण सातव्या वर्षापासून तिचाही जीव त्या भट्टीतच अडकला होता.

"अप्पांनी बोलावलंय?" ताईने विचारलं.

बाळ कान चोळायला लागला. खोटं बोलायचं असलं की तो लहानपणापासून कान चोळतो.

"त्यांना सांगायचं नाही. तोंडाला रुमाल बांध, टोपी घाल. त्यांना आता नीट दिसत नाही, यंत्राच्या आवाजात ऐकू तर येतच नाही. कळणार नाही त्यांना."

 अकरा वर्षांपूर्वीचा तो दिवस ताईच्या डोळ्यांपुढे उभा राहिला...

त्या दिवशी लिव्हरवर बाळ होता. बॉयलरमधलं पाणी बघायचं त्याच्याकडे होतं, आणि मित्रांसमोर मिरवण्याच्या नादात तो ते विसरला. आता बघा, भट्टी असते बॉयलरच्या पोटात, तिच्या छपरावर कायम पाणी हवं. पाणी खाली गेलं की छपराचा पत्रा लाल होतो आणि बॉयलर फुटतो. म्हणून त्या छपरात एक गुडदी, म्हणजे बूच, बसवलेली असते, पितळेची, मधे शिसं ओतलेली. पाणी उतरलं की आधी शिसं वितळतं, भोकातून वाफ खाली घुसते, आग विझते. यंत्राची अब्रू जाते, माणसांचा जीव वाचतो. ती गुडदी अप्पा दरवर्षी स्वयंपाकघरातल्या चुलीवर स्वतः नव्याने ओतायचे.

त्या दिवशी गुडदी वितळली. चारशे माणसांसमोर थोरली फुसकन बसली. लोक हसले. अप्पांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी विचारलं, "पाणी कुणी बघितलं नाही?" बाळचं लग्न जेमतेम महिन्यापूर्वी झालं होतं, नवी नवरी समोर उभी होती. त्याचा हात कानाकडे गेला... आणि ताई म्हणून गेली, "मी. माझं लक्ष नव्हतं."

"मग या फावड्याला पुन्हा हात लावायचा नाही," अप्पा म्हणाले. तेवढंच. त्यानंतर त्या घरात तिच्याशी कुणी बोलेना, म्हणून ती निघून गेली. बाळ गप्प राहिला, आणि गप्प राहायची सवय लागली की माणूस त्यातच म्हातारा होतो.

"येते," ताई म्हणाली. "शर्टाचे पैसे तू भरशील."

दाखवायच्या दिवशी सकाळपासूनच काहीतरी बिनसलं होतं. खाणीच्या तळ्यातली बदकं रात्रीच कुठेतरी निघून गेली होती. थोरलीच्या पोटाखाली ऊब घेत झोपणारा कुत्रा फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन बसला होता आणि कुणी चुचकारलं तरी आत येईना. वारा नव्हता. धुराड्यातला धूर वर न जाता छपरावरून खाली सरपटत होता...

ताईने रुमाल बांधला, टोपी ओढली आणि भट्टीसमोर उभी राहिली. फावड्यात कोळसा घेतला, लोखंडी उंबऱ्यावर फावडं दोनदा ठोकलं, ठक ठक, आणि आत फेकला. ठोकल्याने चुरा गळून जातो आणि कोळसा नीट पसरतो. पण खरं म्हणजे ती लहान असताना फावडं जड व्हायचं, दम घ्यायला म्हणून ठोकायची, ती सवय राहिली.

अप्पा पुढे लिव्हरशी बसले होते, तिच्याकडे पाठ करून. त्यांची पाठ आणि बॉयलर यांत दोन हातांचं अंतर. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. बाळ भट्टीपाशीच उभा होता.

बाळची बायको चहाचा पेला घेऊन वर आली. जिभेने तिखट, पण मनाने वाईट नव्हे.

"घ्या वन्सं," ती हळूच म्हणाली. "बुरखा छान शोभतो. बँक लुटायला निघाल्यासारख्या दिसताय."

"तुला कोणी सांगितलं?"

"नवरा झोपेत बोलतो माझा. जागेपणी बोलला असता तर अकरा वर्षं वाचली असती."

ताईने तिच्याकडे बघितलं. म्हणजे हिला सगळं माहीत होतं... पण विचार करायला वेळ नव्हता. शिट्टी झाली. अप्पांनी लिव्हर ओढला, थोरलीने मान वाकवली, दात ओल्या चिकणमातीत रुतवले आणि भली मोठी बादली भरून वर उचलली. दोरीपलीकडे लोकांनी टाळ्या वाजवल्या.

ताईने पाण्याच्या काचेकडे बघितलं.

बॉयलरच्या बाजूला एक उभी काचेची नळी असते. आत जेवढं पाणी, तेवढं त्या नळीत दिसतं. नळी अर्धी भरलेली होती. म्हणजे सगळं ठीक. पण यंत्र चालत असताना काचेतलं पाणी वरखाली होत राहतं, श्वास घेतल्यासारखं. हे पाणी हलत नव्हतं. बादली आपटली, सगळं घर हादरलं, ताईचे दात वाजले... पाणी तसंच. अप्पा तिला लहानपणी सांगायचे, "हलत नाही ते पाणी नव्हे पोरी, ते चित्र."

ती बाळकडे वळली.

"बाळ, सकाळी काच उघडून तपासलीस?"

"तपासली की." हात कानावर.

ताईने काचेखालची छोटी तोटी फिरवली. काचेतलं पाणी निघून गेलं. तोटी बंद केली. पाणी पुन्हा चढायला हवं होतं. नाही चढलं. खालचं तोंड गाळाने बुजलं होतं, आणि इतका वेळ सगळे जण कालचं पाणी बघत होते. आत किती होतं, देव जाणे.

 बाळ पाणी सोडायच्या चाकाकडे झेपावला. ताईने त्याचं मनगट धरलं.

"थांब. तापल्या पत्र्यावर थंड पाणी पडलं तर आपला एक तुकडासुद्धा सापडणार नाही. गुडदी आहे ना? ती वितळेल. जाऊ दे अब्रू."

"ताई..."

"काय?"

"गुडदी शिशाची नाहीये. अप्पांचे हात कापतात म्हणून तीन वर्षं मीच बसवतो. मी... भरीव पितळ बसवलंय. पुन्हा तसं हसू व्हायला नको म्हणून."

ताईने डोळे मिटले. एकदाच. लोकांनी हसू नये म्हणून याने मरण आत कोंडून ठेवलं होतं, आणि अप्पांची पाठ त्या मरणापासून दोन हातांवर होती.

"हवेचं झाकण बंद कर," ती म्हणाली. मग भावजयीकडे वळली. "लोकांना हलव. पळापळ न करता."

भावजय खाली उतरली, घंटा हातात घेतली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "फाटकाबाहेर फुकट आइस्क्रीम! पहिल्या पन्नास जणांना दोन दोन!" चारशे माणसं एका मिनिटात गायब झाली. आग लागली म्हटलं असतं तर बघायला पुढे आली असती.

आता अप्पा. ओरडून उपयोग नव्हता. ताई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तोंडावरचा रुमाल काढला.

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

यंत्राच्या गोंगाटात ड्रायव्हर आणि भट्टीवाला हातांनी बोलतात. ताईने छातीवर दोनदा मूठ मारली: जिवाला धोका. मग बाजूच्या दाराकडे हात फिरवला: बादली इथे. का, ते अप्पांनी विचारलं नाही. चिकणमातीने भरलेली बादली त्यांनी हळूच वळवली आणि झोपलेल्या तान्ह्या पोराला अंथरुणावर ठेवावं तशी दाराजवळ खाली टेकवली. जोराने हिसका बसला असता तर आत काय झालं असतं, त्यांना ठाऊक होतं.

ताई आणि बाळ ती ओली माती फावड्याने भट्टीत फेकू लागले. आगीवर पाणी टाकायचं नाही, मातीखाली गाडायची. भट्टीच्या तोंडातून धग येत होती, ताईच्या भुवया जळाल्या, हातांची सालं निघाली... वर छपराचा पत्रा कुरकुरत होता, जुना दरवाजा उघडावा तसा. प्रत्येक कुरकुरीला बाळ थबकायचा आणि ताई म्हणायची, "फेक." अप्पा जागेवरून उठले नाहीत. तिने हातांनी दोनदा सांगितलं, उतरा. त्यांनी मान हलवली. यंत्र जिवंत असताना ड्रायव्हर आधी उतरत नाही.

शेवटची लाल रेघ मातीखाली गेली. कुरकुर थांबली. थोरलीने स्वतः खणलेल्या मातीने स्वतःची आग गिळली.

दोन दिवसांनी लोखंड गार झाल्यावर भट्टी उघडली. छपराचा पत्रा कुबडासारखा खाली फुगला होता. आणखी चार फावडी उशीर झाला असता तर... जाऊ दे. बाळने गुडदी काढली आणि अप्पांच्या हातात ठेवली. भरीव, पिवळीजर्द, अंगावर ओरखडासुद्धा नाही.

अप्पांनी ती बोटांत फिरवली.

"हे कुणी केलं?"

बाळचा हात कानाकडे गेला. ताईच्या बँडेज बांधलेल्या हातांकडे त्याने बघितलं. आणि ताई, सवयच ती, म्हणाली, "अप्पा, मी..."

"तू अकरा वर्षं इथे नव्हतीस," अप्पा म्हणाले. "खोटं बोलायचं तर हिशेब जुळवून बोलावं."

 बाळने कानावरचा हात खाली घेतला.

"मी केलं, अप्पा. हेही मी, आणि तेव्हाचं पाणीही मीच विसरलो होतो. ताई भट्टीवर होती. ती फक्त... मधे उभी राहिली." आणि तो चाळीस वर्षांचा माणूस थोरलीच्या चाकाला टेकून लहान पोरासारखा रडला. बायकोने त्याच्या टकलावर हात ठेवला. "बोललात एकदाचे," ती म्हणाली. "आता झोपेत तरी गप्प राहाल."

 अप्पा म्हणाले, "परवा पहिलं फावडं पडलं तेव्हाच मला कळलं. ठक ठक. कानाला नाही, तळपायाला कळलं. अकरा वर्षं ते फावडं एकदाच ठोकलं जायचं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू गेली असतीस."

आणि ताईच्या जळक्या भुवयांवरून थरथरता हात फिरवत ते म्हणाले, "चुकलो गं थोरले." हाडामांसाच्या थोरलीला आयुष्यात पहिल्यांदा तिची हाक मिळाली, आणि तिच्या डोळ्यांतलं इतक्या वर्षांचं साचलेलं पाणी एकदाचं हललं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात शिसं वितळवलं. यंत्र वर्षभर तरी पेटणार नव्हतं, नवा पत्रा बसेपर्यंत; पण गुडदी ओतली. अप्पांचा हात कापत होता, ताईने बँडेजच्या हातांनी ते मनगट धरलं, बाळने खाली साचा धरला. एक थेंब सांडला नाही.

आता, तुम्ही असे बघू नका. गाढव खरं आहे. कोंबड्या खऱ्या आहेत. फुकट आइस्क्रीम तर इतकं खरं की लोक अजून मागतात आणि भावजय फाटकातून तोंड लपवून जाते. एकच गोष्ट माझ्या पदरची आहे.

अप्पा 'चुकलो' म्हणाले नाहीत. त्या पिढीच्या माणसांच्या तोंडात तो शब्द बसतच नाही. त्यांनी कोपऱ्यातलं फावडं उचललं, जमिनीवर ठोकलं, ठक ठक, आणि ताईच्या हातात दिलं. मी आपला त्याचा अर्थ सांगितला.