तीन आवाजांचा मेळ

ओंगार या आयरिश उपनगरातल्या घरांच्या एका रांगेत शेवटचं घर टेरी हॅनाफिनचं आणि त्याला चिकटून रणजितचं. मध्ये एकच भिंत, तीही पातळ. सहा वर्षांपूर्वी राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी त्या भिंतीतून गिटार ऐकू आली. पुण्यात कॉलेजच्या बँडमध्ये चार वर्षं वाजवलेला रणजित गॅस बंद करायचं विसरून तसाच ऐकत उभा राहिला आणि भात करपला.

टेरी तेव्हा अडुसष्टचा, बस ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला. त्याआधी, तरुणपणी, त्याने 'टो पाथ' नावाची एक एलपी काढली होती. दहा गाणी, एकही तीन मिनिटांच्या वर नाही. खणखणीत गिटार, पहिल्याच ऐकण्यात तोंडी बसणारी चाल आणि तिच्यावर तीन आवाजांचा गोड मेळ. याला पॉवर पॉप म्हणतात. ते तिन्ही आवाज टेरीचेच, एकावर एक रेकॉर्ड केलेले. रेकॉर्ड कंपनीने मोजक्या प्रती काढल्या, दुसरी एलपी तयार असताना कपाटात टाकली आणि टेरीचे फोन घेणं बंद केलं.

"बस ग्रँड होती," टेरी म्हणायचा. "निदान लोक हात दाखवून चढायचे तरी."

तो हसायचा. रणजितला हसू यायचं नाही.

जानेवारीत टेरी गेला. अंत्यविधीला नऊ माणसं होती, त्यांतली दोन शववाहिकेबरोबर आलेली. स्मशानातून परतल्यावर रणजितने बूटही न काढता, टेरीचं एखादं गाणं लावा असं सांगायला, रेडिओ स्टेशनला फोन लावला. दुपारी जुनी गाणी लावणारा निवेदक ब्रेंडन स्वतःच लाइनवर आला.

"हॅनाफिन? ऐकलंय एकदा. वाईट नव्हता तो गडी, युअर मॅन. पण त्या काळी असे पोत्याने होते."

"असे नव्हते," रणजित म्हणाला. "तुम्ही धड ऐकलंच नाहीत." ब्रेंडनने फोन ठेवला.

रागाने रणजितचे कान तापले होते. त्याने टेरीनेच दिलेली 'टो पाथ' काढली आणि 'मॅरियन, हँग अप' मोठ्याने लावलं. या गाण्याचे तिन्ही आवाज टेरीने त्याला बसून शिकवले होते. कुठला कधी वर जातो, कुठला मागे राहतो, सगळं त्याला पाठ होतं. धृपदाशी तो थबकला. तिसऱ्या आवाजाच्या खाली चौथा होता. जाडसर, थोडा नाकातला.

त्याने सुई पुसली, रेकॉर्ड पुसली, पुन्हा लावली. चौथा आवाज तिथेच होता.

पुढचा आठवडाभर रेडिओवर ब्रेंडनच्या जागी एक बाई बोलत होती. ब्रेंडनचा आवाज बसलाय, असं ती रोज सांगायची. शेवटी रणजितने त्याचा एक जुना कार्यक्रम नेटवर शोधून ऐकला. पहिल्या वाक्यालाच त्याने तो बंद केला. तोच जाडसर, नाकातला आवाज.

भीती वाटायला हवी होती. त्याला वाटलं, बरं झालं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी त्याने कम्युनिटी सेंटरमध्ये टेरीची स्मरणसभा ठेवली. पंचवीसेक लोक आले. लंडनहून त्या कंपनीचा लेनर्डही आला, ऐंशीचा, कडक इस्त्रीच्या कोटात. त्याने माइक घेतला. "मी तेव्हापासून सांगत होतो, आमच्याकडचा सर्वांत चांगला माणूस टेरीच."

रणजित उभा राहिला. "मग दुसरी एलपी कपाटात का ठेवलीत?"

"बाजार नव्हता, बेटा. आणि खरं सांगू? टेरीला स्वतःला विकता येत नव्हतं." लेनर्ड हसला. दोनचार लोकही हसले.

रणजित वळून रेकॉर्ड प्लेअरपाशी गेला. त्याने 'मॅरियन, हँग अप' लावलं.

पहिलं धृपद संपलं तेव्हा लेनर्ड पुन्हा माइकपाशी काही बोलत होता. ओठ हलत होते. त्याने माइकवर टिचकी मारली; टिचकी अख्ख्या हॉलभर घुमली. तो पुन्हा बोलला. काहीच आलं नाही. गाण्यात आता पाच आवाज होते. पाचवा म्हातारा, किंचित कापरा.

घरी येऊन रणजितने बायकोला, प्रमोदिनीला, सगळं सांगितलं. ती कान-नाक-घशाची डॉक्टर.

"आवाज जातात रे. थंडी आहे, वय आहे."

"आणि रेकॉर्डमधले?"

"मला गाण्यातलं कळत नाही. पण तू महिनाभर कुणाशी धड बोलला नाहीयेस. नुसता धुमसतोयस."

"त्यांना मिळालं ते योग्यच मिळालं."

प्रमोदिनी उठली. कपड्यांच्या घड्या करायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची मुलगी ईशानी जेवणाच्या टेबलावर गृहपाठ करत होती. अकरा वर्षांची. रेकॉर्ड सकाळपासून तिसऱ्यांदा लागली होती.

"बाबा, टर्न इट ऑफ, प्लीज. ही इज डेड. नोबडी केअर्स."

तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. नुसता कंटाळा होता. पण रणजितच्या डोक्यात सणक गेली.

"तुला काय कळतंय त्यातलं? एक शब्द बोलू नकोस."

त्याने रेकॉर्डचा आवाज वाढवला.

ईशानी काहीतरी म्हणाली. गाण्यामुळे ऐकू आलं नसेल, असं वाटून त्याने सुई उचलली.

खोली शांत झाली. तिचे ओठ अजून हलत होते.

प्रमोदिनीने टॉर्च लावून तिचा घसा पाहिला. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये नळी घालून पाहिला. "सगळं स्वच्छ आहे," ती म्हणाली, आणि भिंतीला टेकून खाली बसली.

रणजितने रेकॉर्ड सिंकच्या कडेवर आपटायला उचलली. प्रमोदिनीने त्याचं मनगट धरलं.

"आधी लाव."

त्याने लावली. सहावा आवाज कोवळा होता, स्वच्छ, सगळ्यांच्या वर.

"तोडायची नाही," प्रमोदिनी म्हणाली.

आता मे आहे. रोज चार वाजता, ईशानी शाळेतून आली की तिघं सोफ्यावर बसतात आणि रणजित सुई टेकवतो. प्रमोदिनी डोळे मिटून घेते. ईशानी स्वतःच्या आवाजाबरोबर ओठ हलवते. रणजित ज्या माणसासाठी जगाशी भांडला, त्याचाच आता त्याला इतका राग येतो की दात दुखतात.

काल गाणं सुरू झालं आणि त्यात त्याला काहीतरी रिकामं रिकामं वाटलं. त्याने धृपद ऐकलं, पुन्हा ऐकलं. ब्रेंडन, लेनर्ड, ईशानी. तीनच आवाज, सुरेख जुळलेले. टेरीचे तिन्ही आवाज त्यातून निघून गेले होते.

पलीकडचं घर जानेवारीपासून बंद आहे. गिटार, खुर्च्या, पडदे सगळं टेरीची भाची घेऊन गेली.

गाणं संपलं. भिंतीपलीकडे कुणीतरी घसा खाकरला आणि निवांतपणे ताल मोजला. टेरीच्याच आवाजात, पण मराठीत, रणजितला साथीला बोलवावं तसा.

एक, दोन, तीन, चार.